उतरतं खळं

"ताई, स्टेज मागं उतरता होता काय वो?"

बक्षीस समारंभ उरकला होता. मंडळाची पोरं खुर्च्या एकात एक घालून थप्प्या लावत होती, जनरेटर बंद केल्यामुळे एकदम शांत झालं होतं आणि त्या शांततेत लांबून समुद्राचा आवाज यायला लागला होता. भजीच्या तेलाचा वास, तुडवलेल्या गवताचा वास, उदबत्तीचा वास, सगळं एकात एक. मी पर्स शोधत होते. मागं वळले तर ती उभी. सातवीत असेल फार तर. कोळी पद्धतीनं नेसवलेली साडी एका बाजूनं सुटत आलेली, सेफ्टी पिना बाहेर दिसत होत्या, गालावरच्या पावडरीतून घामाचे ओघळ खाली आलेले. रडलेली नव्हती. तिचा नंबर आला नव्हता, पण त्याबद्दल भांडायला आली होती असंही नाही. तिला खरंच माहिती हवी होती, एवढंच. मी म्हटलं, नाही गं बाळा, सपाट होतं, मंडपवाल्यानं पाण्याची नळी धरून लेव्हल काढलीय, मी दुपारी स्वतः बघितलंय. ती जरा वेळ स्टेजकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मंग मलाच तसा वाटला." आणि गेली आईच्या मागनं, साडीचा काष्टा एका हातात धरून.

गोष्ट एवढीच. पण पुढचे सहा आठवडे ती माझ्या डोक्यातून गेली नाही.

२०२५ ची माघी गणेश जयंती १ फेब्रुवारीला होती, शनिवारी, आणि आमच्या वाडीतली डान्स स्पर्धा दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री. आमची वाडी हर्णैच्या अलीकडं, समुद्रापासून थोडी वर, टेपावर. मी दापोलीला राहते, सणावाराला येते, आणि लहानपणी सात वर्षं कथ्थक शिकले होते हे गावात सगळ्यांना माहीत असल्यामुळे परीक्षक म्हणून मलाच बसवलं. दुसरे परीक्षक रिटायर्ड गुरुजी होते. मंडळाच्या सेक्रेटरीनं, पंचविशीतला पोरगा, मार्कांचे कागद झेरॉक्स करून आणले होते आणि फार अभिमानानं माझ्या हातात दिले, म्हणाला ताई टीव्हीसारखं केलंय सगळं. कागदावर पाच रकाने. वेशभूषा, हावभाव, ताल, तोल, एकूण परिणाम. प्रत्येकी दहा. त्याला ती कल्पना कुठून सुचली ते मला लगेच कळलं, कारण २०१९ च्या मे महिन्यात, ऐन आंबा उतरवायच्या धांदलीत, आमच्या वाडीच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरत होता. आपली वसई-नालासोपाऱ्याकडची पोरं, द किंग्ज, अमेरिकेतल्या वर्ल्ड ऑफ डान्स या शोची फायनल जिंकली होती. दहा लाख डॉलर. समोर जेनिफर लोपेझ, नी-यो आणि डेरेक हफ परीक्षक, आणि स्क्रीनवर शंभरपैकी शंभर. वसई म्हणजे तरी काय, आपल्याच किनाऱ्याचं वरचं टोक, असं म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी तो विजय घरचा करून टाकला होता, आणि ते बरोबरच होतं. त्या शोमध्ये शंभर मार्कांचे पाच भाग असायचे, परफॉर्मन्स, टेक्निक, कोरिओग्राफी, क्रिएटिव्हिटी, प्रेझेंटेशन, प्रत्येकाला वीस. सेक्रेटरीनं त्याचं आपल्या परीनं मराठी केलं होतं. मला ते आवडलं. कोणीतरी इतका विचार करून कागद बनवलाय, रेघा पट्टीनं मारल्यात, खाली परीक्षकांच्या सहीला जागा ठेवलीय, म्हणजे पोरांच्या नाचाला कोणीतरी किंमत देतंय असं वाटलं. अजूनही वाटतं.

नाचायला त्या मुलीची पाळी बारावी की तेरावी होती. गाणं कोळीगीत. आमच्याकडं दर स्पर्धेला चार तरी कोळीगीतं असतातच, त्यामुळे ते सुरू झालं की परीक्षकाचं लक्ष जरा सैल पडतं, मी खोटं कशाला सांगू. पण हिनं पहिल्या दोन ओळीतच मला सरळ बसवलं. बाकीच्या मुली वल्हं मारायची ती ठरलेली ॲक्शन करतात ना, हात पुढं हात मागं, तशी ही करत नव्हती. हिच्या वल्ह्याला पाणी लागत होतं. म्हणजे हात मागं येताना खांद्यातून वजन ओढल्यासारखं यायचं आणि सोडताना सुटायचं. बाप खलाशी आहे हे मला नंतर कळलं, पण तेव्हाही एवढं कळलं की हिनं होडी लांबून बघितलेली नाही. मग मधल्या म्युझिकला तिनं गिरक्या घेतल्या. पहिली छान. दुसरीला ती अर्धं पाऊल मागं सरकली. तिसरीला अजून. प्रत्येक गिरकी संपताना टाच जोरात टेकायची आणि अंग मागं जायचं, आणि ती पुन्हा पुढं यायची धडपड करायची, आणि सहाव्या-सातव्या गिरकीला ती एवढी मागं गेली की पाठीमागच्या पडद्याला लागली, पडदा हलला, आणि खाली पोरं हसली. तिनं नाच पुरा केला. शेवटची पोझ एकदम बरोबर, हनुवटी वर. पण मी तोपर्यंत पेन उचललं होतं.

तोल, दहापैकी चार.

तीन मार्कांनी तिचा तिसरा नंबर हुकला. गुरुजींनी तिला माझ्यापेक्षा जास्त दिले होते, म्हणजे हिशोब माझ्याच त्या एका रकान्यापाशी येऊन थांबतो, मी कागद परत मागवून बघितला. ज्या तीन मुलींना नंबर मिळाले त्या चांगल्याच नाचल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. एक तर तालुक्याच्या गावी क्लासला जाते, आरसे लावलेला हॉल आहे तिथं, खाली गुळगुळीत लादी, आणि ते तिच्या पायात दिसत होतं.

आता योगायोग असा की त्याच रविवारी तिकडं स्वित्झर्लंडमध्ये प्री द लोझान ही बॅलेची स्पर्धा सुरू होत होती. मी दरवर्षी बघते. कोणाला सांगितलं तर नवल वाटतं, बॅलेचं तुला काय, पण माझी ती एक आठवड्याची चैन आहे, ऑफिसातून आलं की चहा घ्यायचा आणि मोबाईल डब्याला टेकवून ठेवायचा आणि भाजी निवडता निवडता बघायचं. ही स्पर्धा १९७३ पासून चालू आहे, फिलिप ब्राउनश्वाइग म्हणून एक उद्योगपती होते त्यांनी बायकोबरोबर सुरू केलेली, पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी. जगभरातून ऐंशीएक मुलं निवडून लोझानला बोलावतात, आणि मला त्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की तिथं परीक्षक फायनलच्या दिवशी उगवत नाहीत. आठवडाभर ते स्टुडिओत आरशाला पाठ लावून बसलेले असतात आणि मुलांचा रोजचा क्लास बघतात. साधा क्लास. दांडीला धरून गुडघे वाकवणं, पाय ताणणं, उड्या. कॉस्च्युम नाही, लाईट नाही, छातीवर नंबराचा कागद. त्या क्लासलाही मार्क असतात, शास्त्रीयला आणि कंटेम्पररीला वेगळे. मग शुक्रवारी सगळ्यांनी स्टेजवर आपापले दोन नाच करायचे, त्यातून वीसेक जण फायनलला, शनिवारी फायनल, आणि हे सगळं थेट दिसतं आपल्याला. बक्षीस म्हणजे कुठल्यातरी मोठ्या शाळेत किंवा कंपनीत वर्षभर शिकायची सोय. जी मुलं फायनलला जात नाहीत त्यांनाही शाळांचे आणि कंपन्यांचे डायरेक्टर वेगळ्या क्लासमध्ये बघतात, म्हणजे बाहेर पडलेल्या मुलाकडंही अजून एकदा कोणीतरी नजर टाकतं. कार्लोस आकोस्टा, हवानाच्या गरीब वस्तीतल्या ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, त्याला इथंच १९९० ला सुवर्णपदक मिळालं होतं. बापानं पोरगं वाया जाऊ नये म्हणून बॅलेच्या शाळेत घातलेलं. पुढं तो लंडनच्या रॉयल बॅलेचा प्रमुख नर्तक झाला.

तर त्या आठवड्यात बघता बघता माझ्या कानावर 'रेक' हा शब्द पडला. आधीही पडला असणार, तेव्हा मी लक्ष दिलं नसेल. शोधलं, वाचत गेले, आणि हातातली मेथी तशीच राहिली. रेक म्हणजे स्टेजचा उतार, आणि लोझानचं बोलियू थिएटर तिथल्या उतरत्या स्टेजसाठी नाचणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. पाठीमागं उंच आणि प्रेक्षकांच्या बाजूला उतरतं. युरोपातली जुनी थिएटरं बरीचशी अशीच, पॅरिसचं ऑपेरा गार्निए पण तसंच, कारण पूर्वी खाली बसलेल्या लोकांना मागच्या रांगेतल्या नटांचे पाय दिसायचे नाहीत म्हणून स्टेजच तिरकं बांधायचे. इंग्रजीत स्टेजच्या मागच्या बाजूला वरची बाजू आणि पुढच्या बाजूला खालची बाजू म्हणतात ते त्यामुळेच, खरंच वर आणि खरंच खाली. आणि अशा स्टेजवर गिरकी घेणं म्हणजे वेगळंच काम. अंग आपोआप प्रेक्षकांकडं ओघळायला लागतं, म्हणून वजन किंचित मागं धरावं लागतं, प्रत्येक फेऱ्यात. सपाट स्टुडिओत वर्षानुवर्षं घोटलेला तोल तिथं कामाला येत नाही, नव्यानं शोधावा लागतो, म्हणून मुलांना आधी त्या स्टेजवर सराव करायला देतात. आणि उलटंही होतं. उतरत्या स्टेजची सवय लागलेला माणूस सपाटीवर आला की त्याला आपण मागं झुकतोय असं वाटतं.

स्टेज मागं उतरता होता काय वो.

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. मला ती टाच दिसायला लागली, जोरात टेकणारी. प्रत्येक गिरकीला मागं जाणारं अंग. ते घसरणं नव्हतं, ते धरणं होतं, ती कुठल्यातरी उताराला धरत होती जो तिथं नव्हताच. हे मला तेव्हा का दिसलं नाही? सात वर्षं चक्करं घेतलेल्या बाईला? आणि मी तिला काय सांगितलं, तर नळी धरून लेव्हल काढलीय. जसं काही तिनं मंडपवाल्याची तक्रार केली होती.

खरंतर मला तरी कळायला हवं होतं, कारण हे माझ्याबरोबर झालंय. दहावीच्या आधी कथ्थकची एक परीक्षा होती, आमच्या बाई आम्हाला गच्चीवर शिकवायच्या, खाली उन्हानं तापलेली लादी, पावसाळ्यात शेवाळ घासून काढायची. परीक्षेला दुसऱ्या गावी गेलो तर तिथं हॉलमध्ये जाड सतरंजी अंथरलेली. ततकार केला तर आवाजच येईना. घुंगरू वाजतात, पण पाय वाजत नाही, आणि कथ्थकवाल्याला पाय वाजला नाही तर बहिरं झाल्यासारखं होतं. चक्करं घ्यायला लागले तर सतरंजी पायाबरोबर गोळा व्हायला लागली, मी दोन चक्करं कमी घेतली आणि सम चुकली. परीक्षक बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला ती खाली गेलेली मान अजून आठवते, केसात अबोलीचा गजरा होता. एसटीनं परत येताना मी खिडकीतून बाहेर बघत एकच विचार करत होते की त्यांना सांगायला पाहिजे होतं, सतरंजी काढा म्हणून. पण पंधराव्या वर्षी कोण सांगतं असं. आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं असणार. पास झाले मी, पण पुढची परीक्षा दिली नाही. क्लास सुटला त्याला कारणं पुष्कळ होती, दहावी होती, बाबांची बदली होती, तरी त्या सगळ्यात ती सतरंजी पण होतीच. आणि बघा, मी परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर मला ती आठवली पण नाही. पेन हातात आलं की माणूस कागदाकडं बघतो.

मार्क देणं वाईट असं मला म्हणायचं नाहीये. मी त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा विचार केला यावर. मार्क नसते तर तो सेक्रेटरी पोरगा रेघा मारत बसला नसता, आणि ती मुलगी महिनाभर प्रॅक्टिस करत बसली नसती. स्पर्धा असते म्हणून कोणीतरी तारीख ठरवतं, आणि तारीख ठरली की पोरं उठतात. ती तारीख नसली की काय होतं तेही दिसतंच. युरोपातली ती दुसरी मोठी टीव्हीवरची स्पर्धा, युरोव्हिजन यंग डान्सर्स, १९८५ ला इटलीत रेज्जो एमिलियाला सुरू झाली, वर्षाआड व्हायची, देशोदेशीची सोळा ते एकवीस वयाची मुलं, प्रेक्षकांचे फोन-बिन काही नाही, परीक्षक बघणार आणि सांगणार. स्पेननं पाच वेळा जिंकली. १९९३ ला स्टॉकहोममध्ये स्पेनकडून जिंकलेली झेनाईदा यानोव्स्की पुढं लंडनला रॉयल बॅलेत प्रमुख नर्तिका झाली. २०१७ च्या डिसेंबरात प्रागला शेवटची झाली, स्लोव्हेनियाची मुलगी जिंकली, पात्रित्सिया च्र्नकोविच, आणि मग २०१९ ला झालीच नाही, नंतरही नाही. त्याच्या जुन्या रेकॉर्डिंग नेटवर आहेत. ती बघताना मला जिंकलेल्यांपेक्षा त्या मुलांचं वाटतं जी २०१९ साठी घाम गाळत असतील, एकोणीस-वीस वर्षांची, आणि तारीख आलीच नाही. वय तर थांबत नाही. नाच असा आहे की त्याला एवढीशी खिडकी मिळते, तेवढ्यात कोणी बघितलं तर बघितलं.

म्हणून बघणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. मला एवढंच टोचत होतं.

आणि मग मला जाखडी आठवली. गौरी-गणपतीला काका गिरणगावातून यायचे, एसटीच्या टपावर ट्रंक, आणि आल्याच्या रात्रीच नाचाला उभे. बुवा आणि ढोलकीवाला मध्ये बसलेले, झांज वाजतेय, आणि भोवती गोल धरून आठ-दहा पुरुष, एका पायात चाळ बांधलेले, वाकायचे, उठायचे, पाय आपटायचे, गोल फिरत राहायचे. शक्ती-तुऱ्याचा सामना असला तर दोन बुवांची सवाल-जवाबात रात्र जायची, मी आजीच्या मांडीवर झोपून जायचे आणि जाग आली तरी पाय चालूच असायचे, चाळांचा तोच आवाज, फक्त कंदिलाची वात खाली गेलेली. आमच्याकडं एकाचंही अंगण सपाट नव्हतं. कसं असेल, सगळी घरं डोंगराच्या अंगावर, आणि जूनपासून चार महिने आभाळ फाटल्यासारखं पडणारं पाणी कुठंतरी जायला पाहिजे, म्हणून खळ्याला उतार ठेवायचाच. पण गोलात नाचणाऱ्याला त्याचं काही वाटायचं नाही. अर्धा फेरा चढ, अर्धा फेरा उतार. काका वरच्या बाजूला असले तर समोरचा खालच्या बाजूला, आणि दहा पावलांनी उलट. सगळ्यांच्या वाट्याला सगळं खळं यायचं. आणि बघणारे चारी बाजूंनी, म्हणजे कोणाला पुढचं अंग दिसतंय, कोणाला पाठ, कोणाला नुसते पाय. मी नेहमी पायच बघितले, मी लहान होते आणि मला तेवढंच दिसायचं. त्या पायांना मी कधी दहापैकी काही दिलं नाही, पण काकांचा पाय मी अंधारात नुसत्या आवाजावरून ओळखायचे.

लोझानची फायनल ८ फेब्रुवारीला झाली. दक्षिण कोरियाचा सोळा वर्षांचा मुलगा, पार्क युनजे, पहिला आला. सुंदर नाचला. मी टाळ्या वाजवल्या स्वयंपाकघरात एकटीनं. पण मी बघत होते वेगळंच, त्या मुलांच्या टाचा, गिरकी संपताना वजन कुठं पडतंय. माझी नजर तिथनं उठेना. आणि आठवत होतं की मी एका मुलीला खोटं नाही पण अर्धवट उत्तर दिलंय आणि ती ते खरं मानून घरी गेलीय.

शिमग्याला गावी गेले तेव्हा पालखी घरोघर फिरत होती. आमच्या घरची ओटी भरून झाली, पालखी पुढच्या वाडीकडं निघाली आणि मी पण मागनं चालत राहिले, दर वर्षी इतकी लांब जात नाही. तिचं घर वरच्या अंगाला, चिऱ्याच्या पंधरा-वीस पायऱ्या चढून. धाप लागली. आणि वर पोचल्यावर पहिली गोष्ट मी खळं बघितलं. शेणानं नुकतंच सारवलेलं, कडेला रांगोळी, तुळस, आणि सगळं खळं घराच्या जोत्यापासून समुद्राच्या बाजूला उतरत गेलेलं, थोडंथोडकं नाही, चांगलं डोळ्याला दिसेल एवढं. टोकाला एक माड आणि त्याच्या पलीकडं सरळ निळं पाणी, होड्या. तिची आई म्हणाली, पहिला एवढा उतार नव्हता, पण निसर्ग वादळात फणस पडला तो खालच्या बांधावरच, २०२० च्या जूनमध्ये, बांध ढासळला आणि अर्धं खळं गेलं खाली. मग बोट बंद होती त्या दिवसांत हिच्या बाबांनी स्वतःच माती ओढली, जमेल तसं केलं, पाणी तुंबायला नको म्हणून उतार जास्त ठेवला. "आता काय, सवय झाली," ती म्हणाली, "पाटावर बसला तरी माणूस खाली सरकता."

म्हणजे सहावं-सातवं वर्ष लागल्यापासून ती पोर या खळ्यात नाचतेय.

ती ओटीचं ताट घेऊन बाहेर आली, मला बघून थबकली. मी तिला काय सांगायचं ते वाटेत ठरवून आले होते, लोझानचं, थिएटरचं, सगळं. प्रत्यक्षात माझ्या तोंडून एवढंच आलं की त्या दिवशी तुला बरोबर वाटलं होतं. स्टेज सपाट होतं, पण तुला वाटलं ते पण बरोबर होतं. तिला कळलं की नाही माहीत नाही. मी विचारलं, इथंच करतेस ना प्रॅक्टिस, मला दाखवशील? आधी लाजली. मग पालखी यायला अजून दोन घरं बाकी होती, खालून ढोल ऐकू येत होता, तर तिनं ताट आईकडं दिलं आणि खळ्यात मधोमध गेली. तिथं सारवण एका जागी झिजलेलं होतं, पाटाएवढी गोल जागा, खालची तांबडी माती दिसत होती, कालच सारवलेलं असून. ती त्या गोलात उभी राहिली, समुद्राकडं तोंड करून, आणि फिरायला लागली. एक, दोन, पाच, आठ. मी तिच्या पायाकडं बघत होते. ती त्या गोलातून बोटभरही बाहेर गेली नाही. खिळा ठोकल्यासारखी. वेणी गोल उडतेय, फ्रॉकचा घेर उडतेय, आणि टाच दर वेळी तिथंच, त्याच जागी, त्याच आवाजात.

मी चपला काढल्या. तिनं माझ्याकडं बघितलं. सारवण पायाला गार लागलं, ओलसर. मी त्या तांबड्या गोलात उभी राहिले, वीस वर्षांनी हात छातीशी घेतले, आणि एक चक्कर घेतलं. दुसरं घेताना समुद्र माझ्याकडं यायला लागला. म्हणजे मीच जात होते, पाय खाली ओढत होता, तिसऱ्या चक्कराला मी गोलाच्या बाहेर, चौथ्याला तुळशीच्या पुढं, आणि मी हात सोडून माडाला धरलं.

ढोल जवळ आला होता, पायऱ्यांखाली गुलाल दिसायला लागला होता. ती धावत आली, माझ्या पाठीला मागनं हात लावला, छोटासा हात, आणि थोडं दाबून सरळ केलं मला.

"मागं धरा ताई," ती म्हणाली. "टाचंवर. परत घ्या."